कोंडवाडा भाजीपाल्याला द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
विदर्भातील तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती

विषय : गावातल्या पडीक सार्वजनिक जागा सामूहिक भाजीपाल्यासाठी वार्षिक परवान्यावर देण्याबाबत.

महोदय, महोदया,

पूर्वीचे दिवस असते तर हा विषय ग्रामसभेत उभं राहून मांडला असता. सरपंच म्हणाले असते, "बसा हो साहेब", मी बसलो नसतो, आणि निदान इतिवृत्तात एक ओळ तरी आली असती. आता गाव नगरपंचायत झालं. 2014-15 च्या सुमारास राळेगाव, मारेगाव, सेलू, समुद्रपूर, कोरपना, जिवती, कुरखेडा, धानोरा अशा कितीतरी गावांच्या पाट्या बदलल्या. सरपंच गेले, अध्यक्ष आले. ग्रामसेवक गेले, मुख्याधिकारी आले. सतरा वॉर्ड पडले, घरटॅक्सची पावती बदलली. ग्रामसभा मात्र गेली ती गेलीच, तिच्या जागी काहीच आलं नाही. सर्वसाधारण सभेत बोलायचा हक्क नगरसेवकाचा. म्हणून हे खुलं पत्र.

मी निवृत्त कृषी सहायक आहे. नोकरीचा सगळा काळ कापूस, सोयाबीन, तुरीच्या वावरांत गेला. माझ्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे माझ्या गावात आहे ते तुमच्याही गावात असणार. नसेल तर पत्र इथेच बाजूला ठेवायला हरकत नाही.

बसस्टँडकडून जुन्या वस्तीत शिरताना आमच्याकडे कोंडवाडा लागतो. दगडी भिंती छातीइतक्या उंच, मधले मधले दगड लोकांनी घराच्या पायऱ्यांना नेलेले. लोखंडी फाटक एकाच बिजागरीवर. आत जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद. पावसाळ्यात त्यात पाणी असतं, बाकी वर्षभर गुटख्याच्या पुड्या. एका कोपऱ्यात बंद पडलेली घंटागाडी, चाकं काढून नेलेली. आषाढात तरोटा (टाकळा) असा माजतो की आतून डुक्कर गेलं तर फक्त शेंडे हलताना दिसतात. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यापासून या वाड्यांचं काम एकच होतं : दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं जनावर धरून कोंडायचं आणि मालकाने दंड भरला की सोडायचं. आता घरोघरची जनावरं कमी झाली, बंडीच्या जागी ट्रॅक्टर आले, कोंडवाड्याचा शिपाई निवृत्त झाला आणि ते पद कोणी भरलं नाही. जागा मात्र आहे तिथेच आहे. गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी भिंत, पाण्याला हौद, आणि माती पिढ्यान्‌पिढ्या शेणामुताने मुरलेली. भाजीपाल्यासाठी गावात याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

दुसऱ्या जागा लेआऊटमधल्या. गावाच्या चारही अंगांना लेआऊट पडले आहेत. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआऊट पाडताना 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. पाच एकरांचा लेआऊट असेल तर वीस गुंठे झाले. त्या वीस गुंठ्यांत सध्या काय आहे ते संध्याकाळी फिरायला जाताना बघून घ्या. एका टोकाला मारुतीचा ओटा, दुसऱ्या टोकाला उरलेल्या गिट्टीचा ढीग, मधे गाजरगवत आणि लग्नाच्या मांडवाचे खड्डे. काही ठिकाणी ट्रक उभे राहतात. काही ठिकाणी आधी चार बल्ल्या, मग टिनाचं शेड, मग मीटर.

तिसरी गोष्ट विहिरींची. नळयोजना आल्यावर सार्वजनिक विहिरी आपण वाऱ्यावर सोडल्या. कुठे गणपती शिरवले, कुठे निर्माल्य, कुठे अख्खी विहीर मलब्याने बुजवली. ज्या शिल्लक आहेत त्यांचं पाणी प्यायला नसेल चालत, वांग्याला चालतं.

आता ही जागा कोणासाठी मागतो आहे ते सांगतो. सकाळी सात-साडेसातला चौकात ऑटो भरतात. बाया डबा आणि विळा घेऊन निंदणाला जातात, दहा-बारा किलोमीटरवरच्या वावरात, दुसऱ्याच्या. दिवसभर दुसऱ्याचं तण काढतात. संध्याकाळी त्याच ऑटोने परत येतात, उतरल्या उतरल्या भाजीच्या गाड्यावर थांबतात आणि पावभर वांगे, दहाचा सांभार (कोथिंबीर), दोन भेदरं (टोमॅटो) घेतात. ते भेदरं उन्हाळ्यात आंध्रातून आलेलं असतं, पानकोबी छिंदवाड्याहून नागपूरला आणि नागपुरातून इकडे. नागपुरात भाजीचा मोठा बाजार ज्या भागात भरतो त्याचं नाव कॉटन मार्केट आहे, यावर मी काही टिप्पणी करत नाही. गावाच्या चहूबाजूंनी हजारो एकर काळी जमीन, आणि भाजी येते ट्रकमधून. ज्यांचे हात दिवसभर मातीत असतात त्यांच्याकडे सांभार टाकायला दोन हात जमीन नाही.

पूर्वी प्रत्येक घरामागे वाडी असायची. मुनग्याचं (शेवग्याचं) एक झाड, कुंपणाच्या कुपाटीवर वालाचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर आळू आणि केळ, उकंड्यावर आपोआप उगवलेलं कोहळं. त्या वाडीला कोणी परसबाग म्हणत नव्हतं आणि तिला अनुदानही नव्हतं. मग भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडीत दुसरं घर उभं राहिलं. घरकुल योजनेतलं घर 269 चौरस फुटांचं. त्यात माणसं मावतात, वेल मावत नाही. समोर सिमेंटचा रस्ता, बाजूला सिमेंटची नाली. आपल्याच नगरपंचायतीने केलेली ही कामं आहेत, लोकांना हवी होती, वाईट केली असं म्हणत नाही. पण मातीचा तुकडा घराजवळून गेला ही गोष्ट खरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण जवळपास 69 टक्के आहे. भाजीच्या वाफ्याने रक्तक्षय हटेल असा दावा करायला मी काही पुढारी नाही. त्याला गोळ्या लागतात, डाळ लागते, जंताचं औषध लागतं. पण रोजच्या ताटात हिरवं काहीतरी पडणं ही त्यातली सगळ्यात स्वस्त पायरी आहे आणि नेमकी तीच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गळून पडते. भाजी साठ रुपये किलो झाली की घरात काय शिजतं ते आपणा सर्वांना माहीत आहे. बेसन, नाहीतर आलू.

गाव आणि शहर यांच्या मधल्या आपल्या अवस्थेचा इथे फायदा आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत कोणासाठी म्हटलं आहे? ग्रामीण भागाकडून शहरी भागाकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी. म्हणजे आपण अजून धड शहर नाही. इथल्या माणसाला अजून पेरता येतं, निंदता येतं, बी धरता येतं. मोठ्या शहरांत सामूहिक भाजीपाला करायचा म्हटलं की आधी प्रशिक्षण वर्ग भरवावे लागतात. मुंबईत गच्च्यांवर ड्रममध्ये पालक लावायला लोक शिकले, त्याचं कौतुकच आहे. आमच्या म्हाताऱ्या बाया वालाचं आणि चवळीचं बी राखेत घोळवून मडक्यात भरतात, तोंडाला फडकं बांधून वरून शेणाने लिंपतात, आणि ते बी पुढच्या मृगात भरवशाने उगवतं. हे ज्ञान आहे, माणसं आहेत. नाही ती जागा. आणि जागा तुमच्याकडे आहे.

मागणी जगावेगळी नाही. इंग्लंडमध्ये 1908 पासून असा कायदाच आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की भाजीपाल्याच्या तुकड्यांसाठी जमीन देण्याचा विचार तिथल्या स्थानिक परिषदेला करावाच लागतो. तिथला जुना ठरलेला तुकडा दहा पर्चचा. हिशोब केला तर आपल्या मापात तो बरोबर अडीच गुंठे भरतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाला डिझेल आणि खत मिळेनासं झालं. तेव्हा तिथल्या सरकारने हवाना शहरातल्या रिकाम्या जागा लोकांना फुकट कसायला दिल्या, मालकी स्वतःकडे ठेवून. केरळात 1998 साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायांचे गट पडीक जमीन घेऊन भात, केळी, भाजीपाला करतात, आणि पंचायती त्यांच्या पाठीशी उभ्या राहतात. वाईट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. मुंबईत लोकलच्या रुळांच्या कडेला वर्षानुवर्षं पालक आणि भेंडी पिकली. जागा सरकारी, जमीन पडीक, कल्पना चांगली. पण पाणी गटाराचं, त्यामुळे भाजी बदनाम झाली. म्हणजे जागा दिली आणि पाण्याचं बघितलं नाही तर काय होतं तेही समोर आहे.

आपल्याच विदर्भातलं सांगायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आहे. 2009 मध्ये या गावाला 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. एवढंसं गाव एवढं मोठं जंगल सांभाळतं, बांबूचा हिशोब ठेवतं. मी तर दहा-बारा गुंठ्यांचा कोंडवाडा मागतो आहे.

आता तुमच्या मनातली शंका मला माहीत आहे. मुख्याधिकारी साहेबांच्या तर नक्कीच. आज वाफा, उद्या झोपडी, परवा नमुना आठवर, म्हणजे घराच्या सरकारी नोंदीत, नाव, आणि मग मोर्चा. ही भीती हवेतली नाही. सार्वजनिक जमीन आणि भूमिहीन माणूस यांचा झगडा या राज्यात जुना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पडीक आणि गायरान जमिनींचा प्रश्न सरकार दरबारी ऐकला गेला. 2022 च्या शेवटी गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा गावोगाव लोकांची झोप उडाली होती, तेही आपण पाहिलं. तेव्हा नगरपंचायत सावध असेल तर त्यात चूक नाही. गायरानाला हात लावू नका असंच माझंही म्हणणं आहे. गायरान इतर कामाला देण्यावर बंधनं घालणारा 12 जुलै 2011 चा शासन निर्णय आहेच, पण त्याहून साधं कारण म्हणजे गावात बकऱ्या पाळणारी माणसं आहेत आणि त्यांना दुसरी जागा नाही. एका गरिबाची चराई मोडून दुसऱ्या गरिबाला वांगी द्यायची, हे आपल्याला करायचं नाही.

मी मागतो ती जागा वेगळी आणि ती देण्याची रीतही वेगळी. भाडेपट्टा देऊ नका. पट्टा म्हटलं की इथल्या माणसाच्या डोक्यात लगेच कसणाऱ्याला मालक करणारा कूळकायदा येतो. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदाच आहे. तेव्हा फक्त परवाना द्या, अकरा महिन्यांचा, दरवर्षी नव्याने करायचा. तो एका माणसाच्या नावाने नको, गटाच्या नावाने द्या. सातबारावर किंवा नगरपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत कसणाऱ्याचा काही उल्लेख नको. पक्कं बांधकाम, टिनाचं शेड, मूर्ती, ओटा, झेंड्याचा चबुतरा यातलं काहीही आत उभं राहिलं तर त्या दिवशी परवाना रद्द. यातली शेवटची अट मी मुद्दाम घातली आहे. आपल्याकडे जागा बळकावायची सुरुवात झोपडीने कमी आणि चबुतऱ्याने जास्त होते, आणि मग त्या चबुतऱ्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. वाफे दरवर्षी फिरवा, म्हणजे एकाच्या हाताखाली एकच तुकडा कायम राहणार नाही. जमीन नगरपंचायतीची आणि पीक पिकवणाऱ्याचं, एवढं एक वाक्य परवान्यावर ठळक अक्षरात छापा.

उलट बाजूने बघा. तरोटा माजलेली मोकळी जागा अतिक्रमणाला निमंत्रण देते. जिथे रोज सकाळी वीस बाया पाणी घालायला येतात, तिथे रातोरात बल्ल्या रोवायला कोण धजावेल?

लेआऊटच्या खुल्या जागेबाबत एक काळजी घ्यावी लागेल. त्या जागेवर तिथल्या प्लॉटधारकांचा हक्क आहे. आधी त्यांची लेखी संमती घ्या आणि निम्मे वाफे त्यांच्यासाठी ठेवा. त्यांतल्या अनेकांना हौस आहे. शिक्षक, तलाठी, बँकेतले लोक सकाळी फिरतात आणि परत घरी येऊन कुंडीतल्या गुलाबाशी बोलतात. त्यांना एक वाफा दिला तर उरलेल्या वाफ्यांवर त्यांची नजर राहील, आणि नगरपंचायतीला चौकीदार लागणार नाही.

पाण्याचा हिशोब करून देतो, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येणार. हिवाळ्यात एका गुंठ्याच्या भाजीपाल्याला दिवसाला साधारण 300 ते 400 लिटर पाणी लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात हेच दुपटीच्या वर जातं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एप्रिलपासून मृगापर्यंत बाग जवळजवळ बंद ठेवावी. हिरव्या जाळीखाली थोडी चवळी, थोडा सांभार, बाकी जमीन नांगरून तापू द्यावी. ज्या गावात उन्हाळ्यात आठवड्याने नळ येतो तिथे पिण्याच्या पाण्यावर भाजी करायची गोष्टच नको. पाणी येईल ते जुन्या विहिरीचं. ती उपसून, गाळ काढून, वर जाळी बसवायची. गाळ टाकून द्यायचा नाही, तो वाफ्यातच जाईल. शिवाय नगरपंचायतीच्या इमारतीचा स्लॅब आहे, शाळेचा आहे. पावसाचं पाणी पाइपाने विहिरीत सोडलं तर तिला तेवढाच आधार होतो. नालीचं पाणी मात्र कितीही मोह झाला तरी नको. मुंबईच्या रुळांवरची भाजी मी वर उगाच सांगितली नाही.

माती. आपली काळी माती पावसाळ्यात धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. लेआऊटच्या जागेत तर वर मुरूम आणि गिट्टी. तेव्हा वीतभर उंच गादीवाफे करावे लागतील. त्यासाठी खत लागेल, आणि ते तुमच्याकडे तयार आहे. ओला कचरा वेगळा करून खत करण्याची सक्ती 2016 च्या घनकचरा नियमांपासून आहे. राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानाचे गुण मिळवायला आपण सगळ्यांनीच खताचे खड्डे केले आहेत. ते खत पुढे कुठे जातं? बहुतेक गावांत पाहुणे येतात, फोटो निघतो आणि खत खड्ड्यातच राहतं. ते वाफ्यात येऊ द्या. आधी एकदा कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घ्या, विशेषतः जिथे पूर्वी कचरा डेपो किंवा गॅरेज होतं तिथे. अहवाल वाईट आला तर त्या जागी भाजी नको, कडुनिंब लावा.

आणि वानेर. हा प्रश्न मी टाळणार होतो, पण विदर्भातल्या कोणत्याही बाईला परसबागेबद्दल विचारा, ती आधी वानराचंच सांगते. भेदरं लाल व्हायच्या आत, वालाची शेंग भरायच्या आत टोळी येते, खाते थोडं आणि मोडते जास्त. त्यावर पक्का उपाय कोणाजवळ नाही. मिरची, हळद, आलं, कारलं यांना वानेर सहसा हात लावत नाही. ती कडेच्या वाफ्यांत घ्यावी. शेंगवर्गीय आणि फळभाज्या जाळीखाली, पालेभाजी मधे. कोंडवाड्याच्या भिंतीने बकऱ्या, गाई आणि डुकरं अडतात, वानरं अडत नाहीत. पण सकाळ-संध्याकाळ माणसांचा राबता असला की टोळी दुसरीकडे वळते, हा घराघरांतला अनुभव आहे. थोडं नुकसान धरूनच चालावं लागेल.

पिकं काय घ्यायची हे नगरपंचायतीने ठरवू नये. ब्रोकोली आणि झुकिनीची रोपं वाटून फोटो काढणाऱ्या मंडळींपासून तर देवच वाचवो. बायांना विचारा. त्या अंबाडी म्हणतील, माठ म्हणतील, चवळी, ढेमसं, दोडकं, वांगं, वालाच्या शेंगा, कडेला मुनगा. अंबाडी तर अशी आहे की पाला भाजीला, बोंडं चटणीला आणि सोट कुपाटीला. काही बाया तरोट्यालाच भाजी म्हणतील, आणि त्या बरोबर म्हणतील. पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा अर्धं गाव खुडून नेतं.

वाफे कोणाला, हा खरा प्रश्न. इथे मी थोडं रोखठोक लिहितो. अर्ज मागवले तर अर्ज कोणाचे येतील ते आपल्याला ठाऊक आहे. नगरसेवकाच्या घराच्या मागच्या गल्लीतून येतील. आमच्याकडे शिलाई मशीनचं वाटप झालं तेव्हा ती कोणाच्या घरी गेली हे सगळ्या गावाला पाठ आहे. म्हणून चौकात चिठ्ठ्या टाका. आधी भूमिहीन कुटुंबांची यादी भिंतीवर लावा, ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना वगळा, एकट्या राहणाऱ्या बायांच्या आणि शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांच्या चिठ्ठ्या पहिल्या काढा. सगळ्या वस्त्यांमधल्या बाया एकाच विहिरीवर, एकाच दोरीने पाणी काढतील असं परवान्यात लिहून ठेवा. हे लिहायची वेळ 2020 नंतरही यावी याचं वाईट वाटतं, पण न लिहिता सोडलं तर दुसऱ्याच हंगामात विहिरीवर दोन बाजू पडतील. माझ्या नोकरीत सामूहिक विहिरीचे गट फुटताना मी पाहिले आहेत. ते पाण्यावरून फुटले असं कागदावर असतं, पण ते वस्तीवरून फुटलेले असतात.

अंगणवाडीला ठरावीक भाजी द्यायची सक्ती करू नका. ज्या वाफ्यात जास्त झालं ते बाया आपणच नेऊन देतील. सक्ती केली की रजिस्टर येतं, मग सही, मग तपासणी, आणि शेवटी रजिस्टर हिरवं आणि वाफा वाळलेला.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात त्या जागांसाठी उद्यान आहे. नगरोत्थानातून किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून निधी येतो, इस्टिमेट तयार असतं. पेव्हर ब्लॉक, ग्रीन जिम, सिमेंटचं हरीण, कारंजं, आणि प्रवेशद्वारावर 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, रात्री लाईट लागणारं. पोरं सेल्फी काढतात, खरं आहे. दोन वर्षांनी कारंज्याचा पंप जळतो, हरणाचं शिंग तुटतं, जिमच्या सायकलचं पॅडल चोरीला जातं. लॉनला पाणी लागत नाही का? लागतं, पालकाइतकंच. फरक एवढाच की पालक खाता येतो. 1965 च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीतल्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला होता. तेव्हा हिरवळ मोडली म्हणून बंगल्याची शोभा गेली असं कोणी म्हटलं नाही.

उद्यान नको असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांना बसायला बाक पाहिजे, पोरांना झोके पाहिजेत. एका गावात एक उद्यान असू द्या. पण प्रत्येक लेआऊटमध्ये तेच हरीण कशाला?

खर्चाचं थोडक्यात. कोंडवाड्याचं फाटक दुरुस्त करणं, भिंतीत दगड भरणं, विहीर उपसणं, एक मोटर, पाइप, हिरवी जाळी, दोन-तीन ड्रम आणि अवजारं ठेवायला लोखंडी पेटी. एका कारंज्याच्या इस्टिमेटमध्ये हे सगळं बसून पैसे उरतील. विजेचं बिल नगरपंचायतीने भरावं, बी-बियाणं लोक आणतील, पहिल्या वर्षी काही रोपं कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून घेता येतील. यात ठेकेदाराला फारसं काम नाही, हे मला कळतं. त्यामुळे प्रस्ताव सभेत कोणाच्या तोंडून निघेल याची थोडी काळजी वाटते.

मला सगळ्या जागा एकदम नको आहेत. प्रत्येक नगरपंचायतीने एक जागा निवडावी, शक्यतो कोंडवाडा, आणि दोन वर्षं करून बघावं. जमलं नाही तर परवाना संपतो, जागा तुमचीच आहे, वाटल्यास हरीण आणून ठेवा. मात्र ठराव उन्हाळ्यात झाला पाहिजे. रोहिणीत वाफे तयार झाले तर मृगाच्या पावसावर पेरता येईल. पोळ्याच्या वेळी ठराव झाला तर अख्खं वर्ष वाया जातं, कारण तोवर तण कमरेएवढं झालेलं असतं आणि ते काढायला कोणी येत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. 'ऐनवेळच्या विषयां'त टाकू नये. ते विषय चहा आल्यावर निघतात. ठरावाचा मसुदा आणि परवान्याचा नमुना मी लिहून ठेवला आहे. कोणत्याही नगरपंचायतीने मागावा, मी पाठवून देईन. सूचक आणि अनुमोदक यांची जागा कोरी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक
(वॉर्डाचा करदाता, चालू वर्षाचा घरटॅक्स भरलेला)